मोकळ्या कोंबड्या, मुंगूस आणि घार: कोंडून ठेवायच्या की फिरू द्यायच्या?

परसदार_देवरूख

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आमचं घर देवरूखच्या पुढे एका वाडीत आहे. मागे परस, परसाला लागून काजूची कलमं आणि कलमांच्या पलीकडे सरळ रानच. कोंबड्या घरात आधीपासूनच आहेत, सासूबाई बघायच्या, आता त्यांना वाकायला जमत नाही म्हणून यंदापासून माझ्याकडे आल्या. सगळ्या गावठी. काबरी, तांबडी, काळी अशा जुन्या कोंबड्या, दोन कोंबडे, काही तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरण्या कोंबड्या) आणि तांबडीच्या मागे आत्ता नवीन पिल्लं आहेत.

खरं सांगते, मला या कामाचा लळा लागलाय. सकाळी खुराड्याची फळी सरकवली की काबरी पहिली बाहेर, ती कोणासाठी थांबत नाही, थेट मोरीच्या पाटाकडे जाते आणि भांड्यांचं खरकटं वेचते. काळी दारातच उभी राहते, मान एकदा इकडे एकदा तिकडे करून आधी वर आभाळ बघते आणि मगच पाय बाहेर टाकते. तांबडीला वाळवी सापडली तर ती स्वतः गिळत नाही, चोचीत धरून खाली टाकते, परत उचलते, परत टाकते आणि घशातल्या घशात टुक टुक टुक करत राहते की पिल्लं जिथे असतील तिथून पळत येतात. हे बघत मी चहा घेते, दिवसातला तेवढाच वेळ माझा स्वतःचा असतो म्हणा ना.

पण गेल्या काही दिवसांत जीव घाबरा झालाय. काजूच्या पाल्यात मुंगूस दबा धरून होतं, भर दुपारी त्याने एक तलंग नेली, अंड्यावर आलेली होती, तुरा नुकता लाल झाला होता तिचा. त्याच आठवड्यात घारीने माझ्या डोळ्यांदेखत अंगणातून पिल्लू उचललं, तांबडी हातभर उंच उडाली तिच्या अंगावर पण उपयोग झाला नाही. उरलेली पिल्लं अळवाखाली जी लपली ती संध्याकाळ होईपर्यंत बाहेर आली नाहीत.

आता यांचं म्हणणं की दहा बाय दहाचं जाळीचं बंदिस्त करून टाकू आणि सगळ्यांना आत घालू, कटकट मिटली. सासूबाई म्हणतात कोंबडी फिरली नाही तर ती गावठी कसली, मरायच्या त्या मरणारच. मला दोन्ही पटत नाही. दोन दिवस कोंडून बघितल्या तर एकमेकींची पिसं उपटायला लागल्या, आणि अंडीही कमी झाली. आणि सोडल्या तर शेजारच्या काकूंच्या मुळ्याच्या वाफ्यात जाऊन उकरतात, त्यावरून एकदा बोलाचाली झालीये, काकूंचंही चुकत नाही, त्यांची मेहनत आहे.

शिवाय गेल्या उन्हाळ्यात खालच्या वाडीत मर आली होती, तिथे घरंच्या घरं रिकामी झाली कोंबड्यांची. ती भीती वेगळीच. लस असते असं ऐकलंय पण एवढ्याशा कोंबड्यांसाठी कोण देणार?

तर ज्यांच्याकडे मोकळ्या कोंबड्या आहेत त्यांनी कृपया सांगा, तुम्ही नक्की काय करता?


खळ्यातली_तुळस

बाय गो, आधी जीव शांत कर. मी कुडाळच्या बाजूची, लग्नाआधीपासून कोंबड्या पाळतेय आणि मुंगूस, घार, उदमांजर सगळ्यांशी गाठ पडलीये.

कोंडू नको. पण मोकळ्या म्हणजे अगदी वाऱ्यावर पण नको सोडू, मधला मार्ग असतो. आम्ही सकाळी उजाडल्या उजाडल्या खुराडं उघडत नाही. ऊन नीट वर आलं, घरातली माणसं परसात वावरायला लागली, कपडे वाळत घालतेय कोणी, भांडी घासतंय कोणी, मग उघडायचं. कोंबड्या बहुतेक सकाळीच अंडं घालतात त्यामुळे उशिरा सोडल्या की अंडंपण आतच पडतं, नाहीतर पेंढ्याच्या उडवीत, लाकडांच्या मांडवात शोधत बसावं लागतं. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मूठभर कणी टाकून हाक मारायची, रोज त्याच जागी त्याच वेळेला, आठवड्यात त्यांना सवय लागते आणि मग हाक मारायच्या आधीच येऊन उभ्या राहतात.

मुंगूस दिवसाचं जनावर आहे हे लक्षात ठेव. रात्री येतं ते रानमांजर, उदमांजर, कोल्हा नाहीतर साप. म्हणजे दिवसाचा बंदोबस्त वेगळा आणि रात्रीचा वेगळा. दिवसासाठी परसाच्या कडेचा सुका पाला आणि रान काढून टाक, गडग्याला लागून निदान आठदहा फूट तरी साफ ठेव. मुंगसाला लपत लपत यायला आडोसा लागतो, उघड्यावरून तो सहसा धावत येत नाही. कुत्रा असेल तर फारच बरं, पण कुत्र्याला लहानपणापासून कोंबड्यांत वाढवलेला असला पाहिजे.

घारीचं मात्र उलटं. तिला मोकळं सारवलेलं खळं आवडतं, वरून सगळं दिसतं ना. म्हणून पिल्लांना वर आडोसा पाहिजे. तुझी पिल्लं अळवाखाली लपली म्हणून वाचली बघ. जास्वंद, अबोली, तुती असलं काहीतरी दाट अंगणाच्या कडेने लाव. तोवर रापणवाल्यांचं किंवा कोणा मच्छीमाराचं फाटकं जाळं मिळालं तर अंगणाच्या एका कोपऱ्यावर चार बांबू ठोकून वर ताणून बांध, आमच्याकडे वर्षानुवर्षं तेच आहे, त्यावर दोडक्याचा वेल सोडते मी. पिल्लं पहिले तीनचार आठवडे आईसकट त्या जाळ्याखालीच. बाहेर काढायची तर आईला पायात दोरी लावून माडाच्या बुंध्याला बांधायची, पिल्लं तिला सोडून लांब जात नाहीत. आणि कोणी माणूस जवळ नसेल तेव्हा सरळ डालगं उपडं घालायचं वर आणि त्यावर दगड. दीड महिन्याची झाली की घारीला उचलायला जड जातात आणि तोपर्यंत आईची "वर बघा" वाली हाक पण त्यांना कळायला लागते.

आणि म्हातारा कोंबडा विकू नको! तरणा कोंबडा नुसता कोंबड्यांच्या मागे, जुना असतो तो सतत एक डोळा वर लावून असतो. आमच्याकडचा एक असा होता की विमान गेलं तरी ओरडायचा, पण त्याच्या काळात घारीला एकही पिल्लू मिळालं नाही.


वस्तीवरून_जालना

आमच्याकडं काजू नाही, जाळं नाही, नुसतं रखरखीत माळरान 😊 पण मुंगूस आहेच. माझं मत ताईंसारखंच, कोंडू नका. मी शेतावर राहतो, एक वर्ष बंदिस्त पाळून बघितल्या होत्या, कारण गावातली कुत्री. खाद्याचा खर्च बघूनच सोडून दिल्या. मोकळी कोंबडी किडे, गवत, सांडलेलं धान्य असं अर्ध्याहून जास्त पोट स्वतः भरते, कोंडली की सगळं तुम्हाला द्यावं लागतं, आणि नुसती ज्वारी-कणी टाकून भागत नाही, प्रथिनं पाहिजेत, शिंपल्याचा चुरा पाहिजे, नाहीतर पातळ कवचाची अंडी येतात आणि मग त्या स्वतःच फोडून खायला शिकतात. एकदा ती सवय लागली की जात नाही. पिसं उपटणं पण त्यातलंच, जागा कमी, काम नाही, खाण्यात कमतरता.

शेजारच्या वाफ्याचं म्हणाल तर कोंबड्यांना कुंपण घालू नका, वाफ्याला घाला. चार बांबू आणि हिरवी शेडनेट तीन फूट उंच, खर्च तुम्ही करा, बांधून पण तुम्हीच द्या. माझं आणि चुलत्याचं कांद्याच्या रोपावरून बोलणं बंद झालतं, रोपाला जाळी बांधून दिली आणि वर महिन्याला अंडी पोचवतो, आता चुलती स्वतः माझ्या कोंबड्यांना भाकरीचा चुरा टाकते. वाफा मोठा होईस्तोवरच त्रास असतो, पेरल्यापासून पहिले दोनतीन आठवडे, नंतर मुळा काय, मेथी काय, कोंबडी फार नुकसान करत नाही.

पिल्लांसाठी एक सांगतो. जुनं मडकं घ्या, त्यात सुकं शेण, कडब्याचे तुकडे, पोत्याचा तुकडा भरा, थोडं पाणी शिंपडा आणि जिथं वाळवी आहे तिथं संध्याकाळी उपडं मारून ठेवा. सकाळी उचललं की आत वाळवीच वाळवी. पिल्लांसमोर झटका. फुकटचं प्रथिन आहे आणि पिल्लं अशी तुटून पडतात की बघत राहावं.


निवृत्त_पशुधन

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, सातारा आणि रत्नागिरी दोन्हीकडे नोकरी झाली. वरच्या दोघांनी जे सांगितलंय ते बरोबर आहे. पण ताई, तुम्ही जो प्रश्न सगळ्यात शेवटी विचारलात तो खरं म्हणजे पहिला आहे. मुंगूस एक कोंबडी नेतं, घार एक पिल्लू नेते. मर येते ती खुराडं रिकामं करून जाते. जाळीवर हजारो रुपये घालायच्या आधी लसीकरण करा असं मी कळकळीने सांगेन.

आपल्याकडे मर म्हणतात, कुठे मानमोडी म्हणतात, तो बहुतेक वेळा राणीखेत रोग असतो. विषाणूचा आहे, त्यामुळे एकदा लागण झाली की औषध नाही. हिरवट-पांढरी पातळ विष्ठा, तोंड उघडून श्वास, पंख गळालेले, नंतर मान पिळवटते आणि कोंबडी गोल फिरायला लागते. कोकणात फेब्रुवारी-मार्चपासून जून लागेपर्यंत जास्त बघितलाय मी. उन्हाचा ताण असतोच, पण दुसरं कारण म्हणजे शिमग्याला आणि पुढे देवदेवस्कीला, लग्नकार्याला कोंबड्यांची ने-आण वाढते. बाजारातून आणलेला कोंबडा रात्रभर आपल्या खुराड्यात राहतो आणि रोग ठेवून जातो. म्हणून बाहेरून आणलेली कुठलीही कोंबडी दोन ते तीन आठवडे वेगळी, लांब, वेगळ्या भांड्यात पाणी देऊन ठेवायची. कापायलाच आणली असेल तर खुराड्यात घालूच नये, डालग्याखाली ठेवावी, आणि पिसं-आतडी परसात न टाकता खोल पुरावीत.

लस अशी. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा, ही राणीखेतचीच लस, एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. चौथ्या आठवड्यात तीच परत. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस पंखाच्या पातळ कातडीत टोचतात. आठव्या आठवड्यात आर-टू-बी, ही राणीखेतचीच पण टोचायची लस आहे आणि ती लहान पिल्लांना अजिबात द्यायची नाही, जोरदार असते. लसीकरणाच्या आठवडाभर आधी जंताचं औषध दिलं तर लस जास्त चांगली लागते. आजारी कोंबडीला लस देऊ नये.

आता तुमचा मुद्दा, एवढ्याशा कोंबड्यांना कोण देणार. अडचण खरी आहे. कुपी येते शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची आणि एकदा पातळ केली की दोन तासांच्या आत संपवावी लागते, उरलेली ठेवता येत नाही. म्हणून डॉक्टर एका घरासाठी कुपी फोडायला तयार नसतात. उपाय एकच, वाडी एकत्र करा. दहाबारा घरं मिळून शंभर कोंबड्या सहज होतात. तालुक्याच्या किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून तारीख ठरवा. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर किंवा पहाटे, उन्हाच्या आधी. कोंबड्या आत असतानाच धरायच्या, एकदा सुटल्या की दोन तास त्यांच्यामागे पळण्यातच जातात आणि लस गरम होते. एका उन्हाळ्यात संगमेश्वरच्या बाजूला एका वाडीने हे मनावर घेतलं होतं, बचत गटातल्या बायकांनीच घरोघरी जाऊन यादी केली, एकीने थर्मास धरला, एकीने कोंबड्या धरल्या. पुढच्या उन्हाळ्यात आजूबाजूला मर होती आणि ती वाडी जवळजवळ पूर्ण वाचली. मला नोकरीतल्या बाकी गोष्टींपेक्षा ती वाडी जास्त आठवते.

आणि मुंगसाला फास, विष असलं काही लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली त्याला संरक्षण आहे, शिवाय तेच मुंगूस तुमच्या परसातले उंदीर आणि साप पण आटोक्यात ठेवतं.


परसदार_देवरूख

किती छान आणि सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. काका, तुमचं वाचून यांना वाचायला दिलं, बंदिस्ताचा विषय तूर्त बाजूला पडलाय. वाफ्याला जाळी बांधायचं काकूंना विचारलं, त्या हो म्हणाल्या आणि दोन अंडी मागितली, दिली 😊

दोन गोष्टी अजून विचारते. रात्रीच्या खुराड्याचं नक्की कसं असावं? आमचं जुनं आयनाच्या फळ्यांचं आहे, जमिनीवरच टेकलेलं, फळ्यांमध्ये फटी आहेत. आणि दुसरं, काळी खुडूक झालीये, म्हणजे अंडी उबवायला बसलीये. खुराड्याच्या कोपऱ्यात रिकामीच बसून राहते, हात लावला की अंग फुगवून गुरगुरते आणि टोचते, पोटाखालची पिसं तिने स्वतःच उपटून टाकलीत. श्रावण असल्याने घरात अंडी कोणी खात नाही त्यामुळे साठलीयेत बरीच. तिच्याखाली ठेवू का? सासूबाई नको म्हणतात, पावसात रवण (कोंबडीखाली उबवायला ठेवलेली अंडी) लागत नाही, गडगडाटाने अंडी खराब होतात म्हणतात.


खळ्यातली_तुळस

सासूबाई नको म्हणतात ते बरोबर आहे पण. आमच्याकडे गडगडाटासाठी अंड्यांत लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेवतात, माझी आई ठेवायची, मीपण ठेवते, आईची आठवण म्हणून. पण पावसात पिल्लं जगवणं फार कठीण. फुटतात, पण ओल आणि गारठा त्यांना घेऊन जातो. मी दिवाळीनंतर बसवते. तेव्हा भात झोडलेला असतो, पळंज (भाताचे पोचट दाणे), कणी सगळं असतं, किडे असतात, ऊन कोवळं असतं.

रवण बसवताना मोठ्या कोंबडीखाली दहाबारा अंडी पुरे, लोभ करून पंधरा-सोळा ठेवली की कडेची थंड पडतात. अंडी आठवड्याच्या आतली घ्यायची, फ्रीजमधली अजिबात नको, निमुळतं टोक खाली करून साठवायची, मळलेली असली तरी धुवायची नाहीत. टोपलीत पेंढा आणि तळाला थोडी राख, राखेने पिसवा लागत नाहीत. रात्री बसवायची, दिवसा बसवलेली उठून जाते. आठवड्याने अंधारात टॉर्च लावून बघायचं, आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जिवंत, नुसतं पिवळट स्वच्छ दिसलं तर काढून टाकायचं. एकविसाव्या दिवशी आतून चोचीचा आवाज येतो. तेव्हा हात लावू नको, सोलून मदत करायला जाऊ नको, कितीही वाटलं तरी. तो आवाज कानाला लावून ऐकायला मला अजून आवडतो, नातवंडांना पण ऐकवते.

आत्ता काळीला खुडूकपणातून उठवायचं असेल तर पाण्यात बुडवणं, नाकात पीस घालणं असले प्रकार करू नको, उगाच हाल. जाळीच्या पिंजऱ्यात ठेव, खाली पेंढा नको, पोटाला खालून वारा लागला पाहिजे, उजेडात ठेव, खाणंपाणी नेहमीचं. तीनचार दिवसांत उतरते.


निवृत्त_पशुधन

ताईंनी रवणीचं अगदी शास्त्रशुद्ध सांगितलंय. गडगडाटाबद्दल एवढंच सांगेन की पावसाळ्यात अंडी खराब होतात ती मुख्यतः ओलीमुळे, बुरशीमुळे आणि कोंबडी भिजून येऊन अंड्यावर बसल्यामुळे. पिल्लांना ओल्या बिछान्यातून रक्ती हगवण लागते ती वेगळी. सासूबाईंचा सल्ला अनुभवाचाच आहे, श्रावणात बसवू नका.

खुराडं जमिनीपासून निदान दोन फूट वर घ्या, चिऱ्याच्या खांबांवर. खाली हवा खेळते, ओल लागत नाही आणि मुंगूस उकरून आत शिरू शकत नाही. फटींना अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी ठोका. दुकानात स्वस्त षटकोनी कोंबडीजाळी देतात, तिच्यातून साप आरामात शिरतो आणि कोल्हा-कुत्रा ती दाताने फाडतो, ती फक्त कोंबड्या आवरायला ठीक आहे. रात्रीपुरतं एका कोंबडीला एक ते दीड चौरस फूट जागा पुरते. आत बसायला गोल काठी आडवी टाका, कोंबडीला उंचावर झोपायला आवडतं. दाराला नुसती फळी नको, कडी आणि खिळा. वायुविजन वरच्या बाजूने असू द्या, कोकणात पूर्ण बंद खुराड्यात कोंबड्यांना सर्दी-घरघर लगेच होते. वर्षातून दोनदा रिकामं करून चुना मारा, फटीफटींतून, पिसवा आणि गोचिड्या दिवसा तिथेच लपून बसतात.


पौड_परसबाग

मध्येच शिरतोय. आमच्याकडे गिरिराज या सुधारित जातीच्या कोंबड्या आहेत, पुण्याच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून पिल्लं आणली होती. अंडी गावठीपेक्षा बरीच जास्त देतात आणि अंगानेही भरतात, पण खुडूक होत नाहीत त्यामुळे पिल्लं दरवेळी बाहेरूनच आणावी लागतात. आणि एक निरीक्षण, गावठी कोंबडी घार आली की क्षणात गायब होते, गिरिराज जड असल्याने हळू पळते. रानाला लागून घर असेल तर गावठीच बरी असं माझं मत झालंय.

काका, बर्ड फ्लूचं काय? बातमी आली की सोसायटीतले लोक लगेच म्हणतात कोंबड्या काढून टाका. मुलीने प्रत्येकीला नाव दिलंय, ती रडायला लागते.


निवृत्त_पशुधन

तुमच्या मुलीची काळजी समजते. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला, तेव्हा मोठ्या प्रमाणावर पक्षी नष्ट करावे लागले होते. नंतर २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला आढळला. नियम असा की बाधित ठिकाणापासून साधारण एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी ठेवतात, त्याची भरपाई सरकारकडून मिळते. म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात बातमी आली म्हणून घरच्या कोंबड्या काढायची काही गरज नसते. तेवढे दिवस त्यांना आडोशाला ठेवा, पाणी उघड्यावर ठेवू नका म्हणजे कावळे-बगळे त्यात तोंड घालणार नाहीत, मांस आणि अंडी पूर्ण शिजवून खा, ७० अंशांवर विषाणू मरतो. पण एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या किंवा आसपास कावळे मरून पडलेले दिसले तर हाताने उचलू नका, ओढ्यात फेकू नका, आणि लपवू तर अजिबात नका. १९६२ ला फोन करा किंवा दवाखान्यात कळवा. लोक घाबरून मेलेल्या कोंबड्या रात्री रानात टाकतात आणि कुत्री त्या चार वाड्यांत फिरवतात, साध्या मरीतसुद्धा हेच होतं.


परसदार_देवरूख

काळी पिंजऱ्यात तीन दिवस राहून खाली उतरली, आज काबरीबरोबर मोरीवर हजर. खुराड्याला चिरे आणलेत, पाऊस उघडला की गवंडी येईल.

लसीचं पण जमतंय. वाडीत विचारलं तर खालच्या अंगाची घरं सगळी तयार, गेल्या वर्षीचं सगळ्यांच्या मनात आहे अजून. वरच्या दोन घरांनी आधी नको म्हटलं, लस दिली की कोंबड्या अंडी घालायच्या थांबतात म्हणे. दवाखान्यात बोलले, ते म्हणाले शंभरच्या आसपास यादी द्या, कुपी आणि थर्माससाठी बर्फ आम्ही बघतो. काका, वरच्या घरांना काय सांगू? आणि आमच्याकडे नळाच्या पाण्यात टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकतात, ते चालेल का?


निवृत्त_पशुधन

उत्तम! अंड्यावरच्या कोंबड्या आर-टू-बी नंतर काही दिवस कमी घालतात हे खरं आहे, ते नाकारू नका. त्यांना म्हणा आठवडा-दहा दिवस अंडी कमी मिळतील, पण मर आली तर कोंबडीच राहणार नाही. आणि तलंगा अंड्यावर यायच्या आधीच टोचून घेतल्या की तो प्रश्नच उरत नाही, निदान तेवढ्या तरी द्या म्हणावं.

टीसीएलचं पाणी लसीला चालत नाही, लस मरते. थेंबाच्या आणि टोचायच्या लशीला त्यांच्याबरोबरच येणारं द्रावण वापरायचं असतं, त्यामुळे तुम्हाला पाण्याची काळजी नाही. कधी पाण्यातून द्यायची वेळ आली तर विहिरीचं घ्या, त्यात थोडी दूध पावडर घाला आणि आधी एकदोन तास कोंबड्यांना पाणी देऊ नका म्हणजे सगळ्या एकदम पितात. भांडी आणि थर्मास मात्र आदल्या दिवशी नुसत्या पाण्याने धुवून उन्हात वाळवा, साबण किंवा फिनेल लावू नका.


खळ्यातली_तुळस

आणि कोंबड्या धरायला शेजारच्या काकूंना पण बोलव गो.